तोंडाने काही चालत नसताना अपस्माराची औषधे

प्रश्न : माझ्या आईला बऱ्याच वर्षांपासून अपस्मार आहे. लेव्हेटिरॅसिटॅम 500 मिलिग्रॅम आणि कार्बामॅझेपिन सीआर (औषध हळूहळू सोडणारी गोळी) 200 मिलिग्रॅम या गोळ्या ती सकाळ-संध्याकाळ घेते आणि त्यांवर तिची प्रकृती चांगली आहे. आता तिच्या आतड्याची शस्त्रक्रिया ठरली असून त्यानंतर काही दिवस तोंडाने काहीही देता येणार नाही, औषधे शिरेतून देऊ, असे सर्जननी सांगितले आहे. शिरेतून दिलेले औषध अधिक तीव्र असते का? त्यासाठी डोस कमी करावा लागतो का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आईच्या दोन गोळ्यांचे उत्तर एक नाही, म्हणून दोन्हींबद्दल वेगळे लिहितो.

लेव्हेटिरॅसिटॅमची चिंता करू नका. ही गोळी पोटातून जवळजवळ पूर्णपणे रक्तात उतरते, त्यामुळे 500 मिलिग्रॅमच्या गोळीऐवजी 500 मिलिग्रॅमचेच इंजेक्शन, त्याच दोन वेळांना, 100 मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून सुमारे 15 मिनिटांत दिले जाते. ते अधिक तीव्र नसते, आणि भीतीपोटी डोस कमी केला तर उलट फिट येण्याचा धोका वाढतो. लॅकोसामाइड आणि ब्रिव्हारासिटॅम या अपस्माराच्या औषधांचाही डोस असाच जसाच्या तसा बदलता येतो.

खरा विचार करावा लागेल तो कार्बामॅझेपिनचा. अमेरिकेत 2016 साली त्याच्या शिरेतून देण्याच्या स्वरूपाला मान्यता मिळाली, परंतु आपल्याकडच्या रुग्णालयांत ते सहसा हाताशी नसते. सीआर गोळी कुटून नळीतून देणे हा मार्ग नव्हे. हळूहळू सुटण्यासाठी बनवलेले औषध कुटल्यावर एकदम सुटते. त्याचे पातळ औषध नाकातल्या नळीतून देता येते, पण आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आतडीच थंडावलेली असताना ते शोषले जाण्याची खात्री नसते. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्ट बहुधा त्या काही दिवसांपुरता लेव्हेटिरॅसिटॅमचा डोस वाढवतात किंवा शिरेतून देता येणारे दुसरे औषध जोडतात. लॅकोसामाइड निवडले तर आधी ईसीजी काढून घ्यावा, कारण ते हृदयातील विद्युतसंदेश मंदावू शकते आणि कार्बामॅझेपिनचाही तसा परिणाम असू शकतो. हा निर्णय शस्त्रक्रियेच्या रात्री ड्यूटीवरील डॉक्टरांवर पडू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. दाखल होण्यापूर्वीच न्यूरॉलॉजिस्टकडून लेखी योजना घ्या आणि ती सर्जन व भूलतज्ज्ञ या दोघांनाही दाखवा.

आणखी एक गोष्ट. ‘उपाशी राहा’ असे सांगितले की पुष्कळ घरांत सकाळची अपस्माराची गोळीही चुकवली जाते. बहुतेक शस्त्रक्रियांच्या दिवशी ती घोटभर पाण्याबरोबर घेण्यास भूलतज्ज्ञ परवानगी देतात. त्यांना स्पष्ट विचारून घ्या. औषधाचे नाव, मिलिग्रॅम, गोळी साधी आहे की सीआर, आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला, हे कागदावर लिहून फाइलला लावा. पुढे तोंडाने खाणे सुरू झाले की कार्बामॅझेपिन कधी आणि कोणत्या डोसने परत सुरू करायचे आणि तात्पुरते जोडलेले औषध कधी थांबवायचे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा, कारण तात्पुरते औषध विसरून महिनोन्‌महिने चालू राहिल्याचे मी पाहिले आहे.

प्रश्न : वडिलांना अपस्मारावरील फेनिटोइनच्या गोळीऐवजी इंजेक्शन दिले, तेव्हा सिस्टरनी ग्लुकोजची बाटली काढून साधे सलाइन लावले, हृदयाचा मॉनिटर जोडला आणि औषध अतिशय सावकाश दिले. नेहमीच्याच औषधाला एवढी खबरदारी कशासाठी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या सिस्टरनी अगदी योग्य केले. फेनिटोइन ग्लुकोजमध्ये मिसळले तर त्याचे कण साखळून खाली बसतात, म्हणून साधे सलाइनच वापरतात. त्याचे द्रावण तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल हे औषध विरघळवणारे द्रव्य असते. ते वेगाने गेल्यास रक्तदाब घसरतो, हृदयाचे ठोके अनियमित होतात. प्रौढांत मिनिटाला 50 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, वयस्कर किंवा हृदयरोगी व्यक्तींत वेग त्याहून बराच कमी ठेवतात. औषध शिरेबाहेर गेल्यास हात सुजून जांभळा पडू शकतो, म्हणून सुई टोचलेल्या जागी जळजळ झाल्यास रुग्णाने लगेच सांगावे. फॉसफेनिटोइन (शरीरात गेल्यावर फेनिटोइनमध्ये बदलणारे औषध) शिरेला सौम्य आहे, तरी मॉनिटर त्यालाही लागतो.

गोळ्या परत सुरू करताना वडिलांना नळीतून दूध-पेज दिले जात असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. नळीतल्या आहाराबरोबर फेनिटोइन कमी शोषले जाते, त्यामुळे आहार आणि औषध यांत अंतर ठेवावे लागते. काही दिवसांनी रक्तातील पातळी तपासताना अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिनही तपासून घ्यावे. ते कमी असेल तर फेनिटोइनचा एकूण आकडा कमी दिसतो, प्रत्यक्षात मात्र परिणाम करणारे औषध पुरेसे असू शकते, आणि त्या आकड्यावरून डोस वाढवल्यास झोक जाणे, डोळे थरथरणे असा त्रास सुरू होतो.