टाकी फुल करू की गाडी विकू? वाचकांचे प्रश्न

या वेळची नागपूरच्या वाचकांची जवळपास सगळी पत्रं पेट्रोलच्या दरावरच आहेत. काहींच्या दारात हौसेने जपलेली जुनी गाडी उभी आहे, काहींना रोज सकाळी आठच्या ड्युटीला एमआयडीसी गाठायची आहे, आणि दोघंही म्हणतात आता परवडत नाही. मला दोघांचंही पटतं, पण उत्तर सारखं देता येणार नाही, कारण हौसेची गाडी महिन्यातून दोनदा कमी काढली तरी चालतं, ड्युटीवर मात्र जावंच लागतं. एक विनंती सगळ्यांनाच, लिटरचा दर बघून घाबरू नका, आपल्या गाडीला एक किलोमीटर जायला किती रुपये लागतात ते आधी काढा, अर्धे निर्णय तिथेच होतात.

मनीषनगरच्या एक ताई विचारतात: दादा, मी रोज स्कूटरने हिंगणा एमआयडीसीत जाते, येऊन-जाऊन तीस किलोमीटर होतात. गाडी आधी 45 चं अ‍ॅव्हरेज द्यायची, आता 36 च देऊन राहिली. ऑफिसात सगळे म्हणतात पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे होऊन राहिलं, आमचे हे म्हणतात पंपावर माप मारतात. नेमकं काय समजायचं?

ताई, आधी आकडे बघू. 45 वरून 36 म्हणजे सरळ 20 टक्के घट. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे 20 टक्के मिसळलं की अ‍ॅव्हरेज थोडं पडतं हे खरंच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ही घट 3 ते 4 टक्के आणि कारसाठी 6 ते 7 टक्के धरलेली आहे. तुमच्या स्कूटरचं त्या हिशोबाने 43-44 व्हायला पाहिजे होतं. बाकीचे सात किलोमीटर दुसरीकडेच कुठेतरी जात आहेत, आणि ते बहुतेक तुमच्या गाडीतच सापडतील.

उद्या सकाळी गाडी थंड असताना मेन स्टँडवर लावा आणि मागचं चाक हाताने फिरवून बघा. मोकळं फिरलं तर ठीक, घासत घासत लगेच थांबलं तर ब्रेक धरून राहिलाय, म्हणजे तीस किलोमीटर तुम्ही अर्धवट ब्रेक दाबूनच चालवताय. मग टायरची हवा. ती सकाळीच चेक करायची, भर उन्हात तापलेल्या टायरची हवा जास्तच दाखवते आणि आपण निर्धास्त होतो. तिसरं एअर फिल्टर, आपल्याकडे जिथे बघावं तिथे रस्ता नाही तर पूल खोदलेला असतो आणि ती सगळी धूळ तिथेच जाऊन बसते, मेकॅनिकला झटकून परत लावू देऊ नका, बदलाच. आणि बेल्ट कधी बदलला ते आठवत नसेल तर तोही बघून घ्या.

आता पंपाचं. संशय असेल तर भांडायची गरजच नाही, प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं की त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याच्यापेक्षा कमी आलं तर तक्रार करायची. भेसळ आहे का ते फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघायची टेस्टसुद्धा फुकट असते. आणि ते शंभरऐवजी एकशे दहाचं टाका म्हणजे माप बरोबर येतं, हे डोक्यातून काढून टाका, मशीनचं माप बिघडलेलं असेल तर ते सगळ्याच आकड्यांना बिघडलेलं असतं.

अ‍ॅव्हरेज मोजताना पेट्रोलच्या काट्यावर जाऊ नका. टाकी फुल करा, दोनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर परत फुल करा, किती लिटर बसलं त्याने भागा. महिन्याला 26 दिवस धरले तर तुमचे 780 किलोमीटर होतात, 45 ने 17.3 लिटर आणि 36 ने 21.7 लिटर. 104 चा भाव धरला तर महिन्याला साडेचारशे रुपये हे असेच जात आहेत. दुरुस्ती नक्की परवडेल. मेट्रोचंही एकदा बघा, जयप्रकाशनगरला बसून सीताबर्डीला बदलून लोकमान्यनगरला उतरता येतं, वळसा पडतो आणि पुढे शेअर ऑटो लागेल, पण मे महिन्यात दुपारी दोनला सुटी होत असेल तर पैशापेक्षा उन्हासाठी तरी मी तोच रस्ता धरेन.

धरमपेठेतले एक वाचक लिहितात: वडिलांची 1994 ची कॉन्टेसा आहे, 1.8 पेट्रोल. महिन्यातून दोन रविवार मित्रांबरोबर रामटेक, खिंडसी नाही तर पेंचकडे चक्कर होते. आठचं अ‍ॅव्हरेज. घरचे म्हणतात आता विकून टाक, पेट्रोल परवडत नाही. काय करू भाऊ?

विकू नका. निदान पेट्रोलपायी तरी विकू नका. दोन रविवारचे मिळून दोनशे किलोमीटर धरले तर 25 लिटर लागतात, आजच्या शंभरीपारच्या भावाने 2,600 रुपये. भाव ऐंशी असता तर हेच 2,000 झाले असते. म्हणजे महागाईने तुमच्या हौसेवर टाकलेला बोजा महिन्याला सहाशे रुपये आहे, आणि त्यासाठी वडिलांची गाडी घालवायची, जी नंतर दुप्पट पैसे दिले तरी त्या अवस्थेत परत मिळणार नाही? घरच्यांसमोर कागद-पेन घेऊन बसा आणि हा हिशोब मांडा.

तुमची खरी काळजी दुसरीच आहे आणि ती मला जास्त छळते. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतंच, त्यामुळे तिचे रबरी पाइप, कार्ब्युरेटरमधले गॅस्केट आणि गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा हे काहीच त्यासाठी बनलेलं नाही. बॉनेट उघडा आणि टाकीकडून येणारा पेट्रोलचा पाइप अंगठ्याने दाबून बघा. नवा पाइप दाबला की लगेच जागेवर येतो, इथेनॉलने खाल्लेला पाइप पिचपिचीत लागतो, बोटाला काळं येतं, नाही तर क्लिपजवळ बारीक भेगा दिसतात. असा पाइप गरम इंजिनवर टपकला तर काय होईल ते सांगायला नको, आणि आपल्या उन्हाळ्यात बॉनेटखाली भट्टीच असते. इथेनॉल चालणारे चांगले पाइप मिळतात, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे एकदमच बदलून घ्या, एकच बदलून भागवू नका. पेट्रोल फिल्टर सुरुवातीला लवकर लवकर बदलावा लागेल, कारण इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सोडवतं आणि तो सगळा पुढे येतो.

दुसरं म्हणजे पावसाळा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी जुलै-ऑगस्ट नुसती उभी राहिली आणि टाकी अर्धी रिकामी असली की पाणी खाली बसतं आणि पत्र्याच्या टाकीला आतून गंज धरतो. म्हणून पेट्रोल वाचवायला गाडी महिनोन्महिने झाकून ठेवणं हे उलट महागात पडतं. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढा, चांगली गरम होईपर्यंत चालवा.

महागडं 95-100 ऑक्टेनचं पेट्रोल टाकल्याने कॉन्टेसाचं अ‍ॅव्हरेज वाढणार नाही. तिच्या इंजिनचं कॉम्प्रेशन कमी आहे, ऑक्टेनचा फायदा जास्त कॉम्प्रेशनवाल्या आणि टर्बो इंजिनला होतो. ते पैसे कार्ब्युरेटर ट्यूनिंगला ठेवा. आणि रजिस्ट्रेशनची तारीख बघून घ्या, ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण 10,000 रुपये केलंय, वर जीएसटी आणि आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. व्हिंटेजची सवलत 50 वर्षांनंतर, तिला अजून वेळ आहे. पेट्रोलचे सहाशे नाही, हा खर्च आधी बाजूला काढून ठेवा.

कामठी रोडवरचे एक टॅक्सीवाले भाऊ: माझी पेट्रोल गाडी आहे, दिवसाला दीडशे किलोमीटर होतात. सीएनजी किट बसवू का? नागपुरात सीएनजी महाग आहे म्हणून भीती वाटून राहिली.

भीती वाटणं बरोबर आहे, 2022 मध्ये आपल्याकडे सीएनजी किलोला 120 रुपयांपर्यंत गेला होता, तेव्हा मुंबई-पुण्याच्या कितीतरी वर आपण होतो, कारण इथे पाइपलाइनचा गॅस नव्हता, गुजरातहून टँकरने यायचा. तरीही तुमच्या धंद्याचा हिशोब वेगळा आहे भाऊ. समजा पेट्रोलवर शहरात 16 मिळतात, 104 च्या भावाने किलोमीटरला साडेसहा रुपये. सीएनजीवर किलोला 24 मिळाले आणि भाव 90 असला तर पावणेचार. किलोमीटरमागे पावणेतीन रुपये वाचले. महिन्याला 25 दिवस, 3,750 किलोमीटर, म्हणजे दहा हजारांच्या वर. किट 65,000 चं पडलं तर सहा-सात महिन्यांत वसूल. आणि सगळ्यात वाईट धरू, सीएनजी परत 120 झाला आणि पेट्रोल आहे तिथेच राहिलं, तरी किलोमीटरला दीड रुपया वाचतोच, फक्त वसुलीला साधारण वर्ष लागेल. म्हणून तुम्हाला माझं उत्तर हो. आज पंपावर जो भाव असेल तो या हिशोबात टाका आणि स्वतः करून बघा.

पण हेच घरच्या गाडीवाल्याने केलं, महिन्याला 500 किलोमीटर चालणाऱ्याने, तर वाचतात तेराशे-चौदाशे रुपये आणि किट वसूल व्हायला जवळजवळ चार वर्षं, डिकी गेली ते वेगळंच. त्यांनी बसवू नये.

किट मान्यताप्राप्त ठिकाणीच बसवा, आरसीवर नोंद करा, इन्शुरन्स कंपनीला कळवा, नाही तर अपघातात क्लेम अडकतो. दर तीन वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, ती टाळायची नाही. तुमच्या पाठीमागे रोज कुणाचं तरी कुटुंब बसलेलं असतं. आणि रांगेत जाणारा वेळ हिशोबात धरा, पहाटे भरून घेतलेलं बरं.

महालमधले एक निवृत्त काका: कच्चं तेल वाढलं की भाव वाढतो, उतरलं की मात्र उतरत नाही. असं का?

काका, तुमची तक्रार रास्त आहे. जून 2017 पासून रोज सकाळी सहाला भाव बदलायची पद्धत आली, कागदावर आजही तीच आहे, पण एप्रिल 2022 पासून मार्च 2024 पर्यंत कंपन्यांनी भाव हलवलाच नाही, मधे जे उतरलं ते करामुळे. एक बॅरल म्हणजे 159 लिटर. बॅरल दहा डॉलरने उतरलं आणि डॉलर 85 रुपये धरला तर लिटरमागे पाच रुपयांच्या वर फरक पडतो. तो कुठे जातो? मे 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये जगभर तेल कोसळलेलं असताना केंद्राने पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये वाढवले. भाव चढल्यावर नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये मिळून पेट्रोलचे 13 आणि डिझेलचे 16 परत केले, जुलै 2022 मध्ये राज्याने 5 आणि 3 कमी केले. मग एप्रिल 2025 मध्ये तेल उतरलं तशी केंद्राने परत 2 रुपयांची ड्युटी लावली, पंपावर मात्र आकडा तोच राहिला. म्हणजे उतरल्याचा फायदा आधी तिजोरीत आणि कंपन्यांकडे जातो. कंपन्या म्हणतात चढत्या काळात आम्ही तोटा सोसला, त्यात तथ्य आहे. पण पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीबाहेर, राज्याचा व्हॅट टक्केवारीत, त्यामुळे मूळ भाव वाढला की कर आपोआप वाढतो. रोज तीस किलोमीटर स्कूटर चालवणाऱ्या बाईला कोट्यधीशाएवढाच कर लिटरला भरावा लागतो, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

बेसा रोडवरचं एक कुटुंब: दिवाळीत कारने समृद्धीवरून मुंबईला जायचंय, चार जण. 120 ने गेलो तर फार पेट्रोल जाईल का? की ट्रेनच बरी?

जाईल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 80 ला जेवढा असतो त्याच्या सव्वादोन पट 120 ला. 701 किलोमीटरचा रस्ता आहे. तुमची कार 90 ला 18 चं अ‍ॅव्हरेज देत असेल आणि 120 ला 13 वर आली तर 39 लिटरच्या जागी 54 लागतील, म्हणजे एका बाजूला पंधराशे रुपये जास्त, आणि वाचणार दोन तास. मी असतो तर 100 वर धरून चाललो असतो आणि दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे केले असते, सरळ सिमेंटच्या रस्त्यावर डोळा लागतो. एप्रिल 2025 मध्ये टोल किलोमीटरला 2.06 रुपये झाला, पूर्ण रस्त्याचा साधारण 1,445, तो धरायला विसरू नका. चौघं असाल आणि तिथे गाडी लागणार असेल तर कार परवडते. दोघंच असाल तर विदर्भ किंवा दुरांतोचं तिकीट काढा, दिवाळीचं बुकिंग उघडलं की त्याच दिवशी. आणि टायर पाच-सहा वर्षांचे झाले असतील तर निघायच्या आधी बदला, नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, स्टेपनीचेही बघा.