वाचकांचे प्रश्न: स्तंभांवरचा भराव आणि मॉडेलमधल्या भिंती

प्रश्न : मऊ चिकणमातीत सिमेंट-मातीचे स्तंभ आहेत. व्यास ०.८ मीटर, चौरस मांडणी, अंतर १.६ मीटर. वरच्या रस्त्याच्या भरावाचे संगणकावर द्विमितीय मॉडेल (रस्त्याचा आडवा छेद) करताना स्तंभांऐवजी भिंती काढायच्या, तर जाडी व्यासाइतकी धरली तर चालेल का?

उत्तर : स्तंभाचे गुणधर्म तसेच ठेवणार असाल, तर नाही. द्विमितीय छेदात जे काढाल ते रस्त्याच्या लांबीभर सलग धरले जाते. त्यामुळे २० टक्के जागा व्यापणारे स्तंभ मॉडेलमध्ये ५० टक्के व्यापतात आणि भराव जेमतेम खचतो. व्यापलेली जागा २० टक्केच राहावी म्हणून स्तंभाचे क्षेत्रफळ ०.५०३ चौरस मीटर घ्या, त्याला १.६ने भागा. भिंत ०.३१ मीटरची.

खचण्याच्या हिशेबाला एवढे पुरते. भरावाच्या बाजूच्या उताराखालचे स्तंभ मात्र आडव्या रेट्याने वाकतात, आणि तिथे ही बारीक भिंत लंगडी पडते. तिची वाकण्याविरुद्धची ताठरता मूळ स्तंभांच्या जेमतेम पाचवा हिस्सा भरते. उलट, खरी माती दोन स्तंभांमधल्या फटीतून सरकू शकते, सलग भिंत तिला अडवते. दोन्ही चुका विरुद्ध दिशेच्या आहेत, पण त्या एकमेकींना खोडतील या भरवशावर राहू नका. आडवे सरकणे महत्त्वाचे असेल तर त्रिमितीय मॉडेलच करा. त्यासाठी अख्खा रस्ता लागत नाही. स्तंभांच्या मध्यरेषेपासून दोन रांगांच्या मधोमधपर्यंतची ०.८ मीटर रुंदीची चकती पुरते, दोन्ही बाजू सममितीच्या. जिओग्रिड, म्हणजे स्तंभांवर भरावाच्या तळाशी अंथरलेली मजबुतीची जाळी, वापरली असेल तर तिच्यातला ताणही याच चकतीतून घ्या. द्विमितीय मॉडेलमध्ये रस्त्याच्या दिशेने ग्रिड झोळ खातच नाही.

प्रश्न : स्लिप सर्कलने (माती गोलाकार पृष्ठावरून घसरेल असे धरून केलेला हिशेब) सुरक्षा गुणांक १.६ येतो. मॉडेलमध्ये भराव कोसळेपर्यंत ताकद टप्प्याटप्प्याने घटवली तर १.२. कोणता धरावा?

उत्तर : १.२. सर्कलसाठी तुम्ही स्तंभ आणि माती यांची क्षेत्रानुसार सरासरी ताकद घातली असणार. स्तंभाची कातर ताकद (आडवे कापले जाण्याला होणारा विरोध) १५० आणि मातीची १५ किलोपास्कल असेल, तर सरासरी साधारण ४१ येते. म्हणजे सगळे स्तंभ एकाच वेळी, पूर्ण ताकदीने, कातरूनच तुटतील असे गृहीत धरले. उताराखालचे स्तंभ त्याआधीच कलतात किंवा वाकून तडकतात.

१.२वरही लगेच विसंबू नका. स्तंभाला घर्षणकोन (दाबाबरोबर ताकद किती वाढते ते सांगणारा कोन) शून्य दिला असेल आणि ओढीच्या ताणाची मर्यादा घातली नसेल, तर तो मॉडेलमध्ये खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त ओढ सोसतो. मर्यादा घालून पुन्हा चालवा. आकडा आणखी खाली येऊ शकतो. मग विस्थापनाचे चित्र पाहा. स्तंभ एका खोलीवर मोडत असतील तर प्रश्न त्यांच्या ताकदीचा आहे. ते अख्खे कलत असतील तर ताकद वाढवून काही हाती लागत नाही. उताराखाली एकमेकांत गुंतलेल्या स्तंभांच्या रांगा रस्त्याला काटकोनात घ्याव्या लागतात.