छंदाचा हिशेब

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करते. रविवारी गोदाघाटावर बसून जलरंगात चित्रे काढण्यात मी रमून जात असे. मात्र ‘रोज एक चित्र’ असा नेम करून वहीत खुणा करू लागल्यापासून ब्रश हातात धरवत नाही. हा आळस आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा आळस नव्हे. अमेरिकेतील लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना चित्र काढल्यास बक्षीस देण्याचे आधीच कबूल केले होते. पुढे बक्षिसाविना रंग समोर ठेवले, तेव्हा हीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ त्यात रमली. तुमच्या वहीतील खूण असेच बक्षीस झाली आहे, आणि रिकामा राहिलेला चौकोन तर मला शिक्षेहून वेगळा वाटत नाही. दिवसभर आकडे जुळवणाऱ्या माणसाने छंदाचाही ताळेबंद मांडावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती वही महिनाभर कपाटात ठेवा. येत्या रविवारी रामकुंडापाशी केवळ बसा. ओल्या काळ्या पायऱ्यांवर सकाळचे ऊन सरकताना पाहून हात शिवशिवला तरच रंगपेटी उघडा, आणि चित्र अर्धे राहिले तर तसेच घरी आणा.