काळ्या जमिनीत दोन एकराला तारजाळीचं कंपाउंड करायचं आहे. पोल किती फुटांवर रोवले म्हणजे जाळी लोंबणार नाही? एका बाजूने नाला आडवा जातो, तिथे काय करावं?

दहा फुटांवर रोवा. झालं उत्तर. पण जाळी लोंबते ती पोलांच्या अंतरामुळे नाही, कोपऱ्यामुळे. हे मी आमच्या घरात इतक्यांदा बोललोय की जेवताना विषय निघाला तर बायको मुकाट्याने भाजीचं भांडं माझ्यापुढे सरकवते.

आमचा आणि चुलतभावाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, सामाईक. रानडुकरांनी हरभऱ्याची नासाडी केली तेव्हा दोघांनी मिळून जाळी लावायचं ठरलं, त्या बाजूचा खर्च अर्धा-अर्धा. दादाचं म्हणणं, पोल सहा-सहा फुटांवर घे, मग जाळी जाते कुठे? आणि कोपऱ्याच्या टेकूंचे पैसे वाचव. मी म्हटलं, दादा, बाजेची नवार गात्यावर ताणली जाते, मधल्या माणसाच्या भरवशावर नाही. तो वयाने मोठा, आणि मिस्त्रीही त्याच्याच ओळखीचा. धुऱ्याची बाजू त्याच्या मनाने झाली, बाकीच्या तीन बाजू मी माझ्या हिशोबाने केल्या.

उन्हाळ्यात आपली काळी जमीन फाटते, भेगेत हात जातो, हे तुम्हाला सांगायला नको. पोलाभोवतीची माती सुटली. पावसाळ्यात तीच माती फुगली आणि पोल वर उचलले. त्यात कोपऱ्याचा पोल बिनटेकूचा, दीड फूट खोल, सगळ्या जाळीची ओढ त्या एकट्यावर. तो आत झुकला आणि अख्खी ओळ पोट काढून बसली. मधले ते दाट पोल नुसते उभे होते, पाहुण्यासारखे. माझ्या तीन बाजू आजही सरळ आहेत. दादा अजून सांगत फिरतो की जाळीच हलकी निघाली. अहो, चारही बाजूंची जाळी एकाच लॉटमधली, एकाच ट्रॉलीतून उतरवलेली!

तर दाट पोलांचे पैसे कोपऱ्यात घाला. कोपऱ्याचा पोल जाड घ्या, तीन फूट खोल गाडा आणि जाळी ज्या ज्या दिशेला ताणली जाणार त्या प्रत्येक दिशेला एक टेकू द्या, म्हणजे कोपऱ्याला दोन. लांब सरळ ओळीत मधेही एखाद्या पोलाला दोन्ही बाजूंनी टेकू हवा. खड्ड्यातली काळी माती परत खड्ड्यात लोटू नका, मुरूम-गिट्टी किंवा काँक्रीट भरा आणि वरून उतार द्या, पाणी साचायला नको. काँक्रीट निदान आठवडाभर मुरू द्या. मजूर दुसऱ्याच दिवशी जाळी ओढायला येतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा. खड्डे दिवाळीनंतर, जमिनीत ओल असताना काढा. मे महिन्यात सब्बलसुद्धा उडते.

आधी वर, मध्ये, खाली अशा तीन तारा ताणून घ्या, मग जाळी. जाळीच्या टोकाच्या घरांतून सळई ओवून चेन-पुलीने ओढा, हाताने ओढलेली जाळी ताणलेली नसतेच. ट्रॅक्टरने ओढू नका, कोपराच उपटून येतो. दोन बंडलं जोडायला टोकाची एक तार पिळून बाहेर काढायची आणि दोन्ही बंडलांच्या घरांतून पुन्हा पिळत आत घालायची, जोड दिसतही नाही. बांधायला सेंट्रिंगची काळी तार नको, जस्ताचा मुलामा दिलेली जीआयच घ्या. जाळी पोलाच्या बाहेरच्या अंगाला लावा, म्हणजे डुकराची धडक पोलावर जाते, बांधलेल्या तारेवर नाही. दादाने ती आपल्याला दिसायला बरी अशी लावून घेतली, तो आणखी एक किस्सा.

दोन एकर चौरस असेल तर घेर साधारण ११८० फूट, म्हणजे १२० च्या आसपास पोल. वाटणीतली शंभर फुटी पट्टी असेल तर तोच घेर १९४० फुटांवर जातो, तेव्हा आधी टेप लावा. जाळी किलोवर मिळते, दुकानदार १० गेज म्हणून १२ गेज माथी मारतो. १० गेजची तार ३.२५ मिलिमीटर, १२ ची २.६४. साधा कॅलिपर खिशात ठेवा.

हे सगळं काळ्या जमिनीचं. खाली मुरमाड किंवा खडक लागत असेल तर एवढ्या खोल जायची गरज नाही. रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा, त्रास असेल तर पाच फुटी जाळी तो उडी मारून ओलांडतो, वर काटेरी तारेचे पदर द्या. कोणी घरच्या लाइनचा करंट सोडायला सांगितलं तर त्याला धुऱ्यावरूनच हाकला, माणसं मेली आहेत त्याने.

आणि हो, नाला. नाल्यातून सलग जाळी नेऊ नका. दोन्ही काठांवर कोपऱ्यासारखेच टेकूचे पोल घ्या आणि मधल्या भागात वरच्या तारेला वेगळा तुकडा लटकवा, खालून मोकळा. पुरात काडीकचरा अडकला तर तेवढाच तुकडा जातो. डुकरं तिथूनच घुसायला बघतील, त्याला माझ्याकडेही पक्का इलाज नाही. पाणी आटलं की काट्या टाकतो.