डबी गेली, डिस्क गेली. किंमत मात्र तीच का?

प्रश्न : मुलासाठी पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल) घ्यायचा आहे. डिस्क ड्राइव्ह नसलेला स्वस्त पडतो. पण डाउनलोडच्या गेमला ना डबी, ना वाहतूक. तरी नवा गेम दुकानातल्याइतकाच महाग कसा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : किंमत गेम काढणारी कंपनी ठरवते. पहिल्याच दिवशी डाउनलोड स्वस्त ठेवलं, तर दुकानदार तिच्या डब्या मांडेल कशाला? शिवाय डबीचा वाचलेला खर्च सगळा तिच्या खिशात जात नाही. ऑनलाइन स्टोअर साधारण ३० टक्के कापून घेतं. पीसीवर निदान चुरस आहे : स्टीम हे स्टोअर ३० टक्क्यांपासून सुरुवात करतं, तर एपिकने २०१८ मध्ये १२ टक्क्यांवर स्टोअर उघडलं. पीएस५ वर मात्र डाउनलोडचं दुकान एकच, सोनीचं. तिथे सेल लागतात, चांगले लागतात, पण कधी लावायचे ते दुकानच ठरवतं.

आता तुमचा हिशेब. भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला पीएस५ आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता, ड्राइव्ह नसलेल्या डिजिटलची जाहीर किंमत ३९,९९० होती. समजा ४,९९९ ची डिस्क खेळून झाल्यावर २,५०० ला गेली, तर चार गेममध्ये तो १०,०००चा फरक फिटतो. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही, मित्राला हातउसनाही देता येत नाही. गेमच्या दुकानांचा खरा आधारही जुन्या डिस्कच. त्यातल्या नफ्यात गेम काढणाऱ्या कंपनीला वाटा द्यावा लागत नाही. घराघरांत ड्राइव्ह नसलेले कन्सोल गेले की दुकानात परत यायला डिस्कच उरत नाहीत.

वर्षाला दोन-तीन मोठे गेम होत असतील तर ड्राइव्हवालाच घ्या. नव्या स्लिम डिजिटलला ड्राइव्ह नंतरही बसवता येतो. पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच.

प्रश्न : जुनी डिस्क घेताना काय पाहावं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चकचकीत बाजू उजेडात तिरकी धरा. बारीक ओरखडे चालतात. नखाला लागणारा चरा नको. दुकानातच कन्सोलमध्ये घालून इन्स्टॉल पूर्ण होऊ द्या, कारण खराब डिस्क बहुधा अर्ध्यावर अडकते. डबीतला जादा सामग्रीचा, एकदाच चालणारा कोड वापरलेलाच असणार असं धरून भाव करा. डबीवर ‘इंटरनेट आवश्यक’ लिहिलंय का तेही वाचा. २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास डेटा होता; बाकी सगळा गेम डाउनलोडच करावा लागला.