युद्ध आणि मुलं या विषयावरच्या कविता कोणत्या वाचाव्यात?

सुरुवात नाझिम हिकमतच्या हिरोशिमाच्या मुलीवरच्या कवितेपासून करा. या तुर्की कवीने ती 1956 मध्ये लिहिली. बोलणारी मुलगी सात वर्षांची आणि मेलेली. ती दारोदार जाते, पण कुणाला दिसत नाही. वर्षं उलटली तरी तिचं वय सातच, कारण मेलेली मुलं मोठी होत नाहीत. स्वतःसाठी तिला काहीच नको, फक्त सही हवी, मुलं मारली जाऊ नयेत म्हणून. बॉम्बचं वर्णन जवळजवळ नाही, तरी केस आणि डोळे जळाल्याचा साधा उल्लेख अंगावर येतो. मला वाटतं, या विषयावर रडारड करणाऱ्या शंभर कवितांना ही एकटी पुरून उरते.

दुसरी, पावेल फ्रीडमनची फुलपाखरावरची. चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझिनच्या नाझी छावणीत, जून 1942 मध्ये लिहिलेली. शेवटचं पिवळंधमक फुलपाखरू दिसलं, त्यानंतर एकही नाही, एवढंच. लहान मुलाची कविता म्हणून ती फिरते, पण तेव्हा तो 21 वर्षांचा होता. 1944 मध्ये आउश्वित्झमध्ये त्याचा अंत झाला.

स्वतः लिहिणार असाल तर रणगाडे बाजूला ठेवा. एकच वस्तू धरा: बूट, दप्तर, काहीही.