एमपी4 म्हणजे नुसता डबा

एमपी4 हे नुसतं डब्याचं, म्हणजे व्हिडिओ आणि आवाज एकत्र ठेवणाऱ्या फाइलच्या प्रकाराचं, नाव आहे. आत व्हिडिओ कोणत्या कोडेकने (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीने) बनवलाय, एच.264 की एच.265, हे एक्स्टेंशनवरून कळत नाही. व्हीएलसी प्लेयरमध्ये फाइल उघडून कोडेकची माहिती बघ. जुन्या टीव्हीवर आवाज येतो पण चित्र दिसत नाही, तेव्हा बरेचदा घोडं इथंच अडलेलं असतं: टीव्हीला तो कोडेक चालत नाही.

रिझोल्यूशनच्या आधी बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरलाय ते, बघ. कॉम्प्रेस न केलेलं 1080पी चित्र, 25 फ्रेमने, सेकंदाला साधारण 155 एमबी खातं. 8 एमबीपीएसला (सेकंदाला 8 मेगाबिट, म्हणजे 1 मेगाबाइट) तेच 1 एमबीत बसवतात. त्यात गळलेला तपशील पुन्हा मिळत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप एडिटिंगला अजिबात घेऊ नकोस; मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागव. आणि एमकेव्हीचं (हाही असाच एक डबा) नुसतं एमपी4 करायचं असेल तर एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्राममध्ये 'कॉपी' वापर, बहुतेकदा पुन्हा एन्कोड करायची गरज नसते.